गिरवणं पुरे, आता पाटी पूस

पत्र असं आहे:

'ताई, नमस्कार. मी औसा तालुक्यातला. लातूरला बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीनं ये-जा करतो. वडील मोंढ्यात एका अडतीवर मुनीम आहेत. दोन वर्षांत पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे तीन कोर्स व्हिडिओवर पूर्ण केले. बघायलो तवर सगळं कळतंय. कोरी फाईल उघडली की हात चालत नाही. मागच्या महिन्यात कॉलेजात एका कंपनीची परीक्षा झाली. यादीतला दुसरा मोठा आकडा काढा, असं आलं होतं. वीस मिनिटं नुसता बसून राहिलो. घरी येऊन उत्तर बघितलं तर सहा ओळींचं, आणि सगळं ओळखीचं. आठवडाभर वेळ मिळत नाही म्हणून रविवारी सात-आठ तास बसतो. लॅपटॉप माझ्यात आणि मोठ्या भावात मिळून एकच आहे, त्याची 'पी'ची कळ दोनदा दाबल्याशिवाय उमटत नाही. भाऊ म्हणतो, हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही, दुकानात बस. माझ्यात बुद्धीच कमी आहे का? काय करू?'

बाळा, बुद्धीचं आधी मिटवून टाकू. 'सगळं ओळखीचं होतं' हे तू लिहिलंस ना, तिथंच तुझं दुखणं आहे आणि ते तुझं तूच शोधून काढलंस. ओळखीचं असणं वेगळं, येणं वेगळं. गावातली दोनशे माणसं तू चेहऱ्यावरून ओळखतोस. त्यांतल्या एकाचा चेहरा कागदावर काढून दाखव म्हटलं तर नाकापाशीच पेन्सिल अडेल. व्हिडिओ बघताना तू चेहरा ओळखत होतास. परीक्षेत काढून दाखवायचा होता.

परभणीला आमच्या शाळेत बाई पाटीवर 'अ' काढून द्यायच्या आणि आम्ही त्यावरून पेन्सिल फिरवत बसायचो. गिरवून गिरवून तो 'अ' इतका जाडजूड व्हायचा की आपल्यालाच अभिमान वाटायचा. मग बाई ओलं फडकं फिरवायच्या आणि म्हणायच्या, 'हं, आता काढ.' काढलेला पहिला 'अ' आडवा पडलेला असायचा. पण तो आमचा असायचा. तू दोन वर्षं गिरवतोयस. तीन कोर्स म्हणजे तोच 'अ' तीनदा गिरवला. पाटी काही कुणी पुसली नाही.

यात शिकवणाऱ्यांना दोष देऊ नकोस. त्यांनी चांगलंच शिकवलं असेल. फक्त व्हिडिओत ते जिथं अडखळले, जिथं दहा मिनिटं डोकं खाजवलं, तो भाग कापून टाकलेला असतो. तुला दिसतो तो झाडून, सडा घालून ठेवलेला रस्ता.

मीही फळ्यापुढं अशीच गोठून उभी राहिलेली आहे. पहिल्या नोकरीची मुलाखत होती. शब्द उलटा वाचला तरी तोच राहतो का, एवढंच तपासायचं होतं. खडू हातात होता, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणारी रचना) म्हणजे काय हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं, आणि फळ्यावर माझ्याकडून एक ओळ उमटली नाही. समोरचे गृहस्थ सभ्य होते, त्यांनी पाणी मागवलं. ते पाणी मला अजून आठवतं.

आता तुझा रविवार. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काही जणांना एक उतारा पुन्हा वाचायला दिला. काही जणांना तो न बघता, आठवेल तेवढा लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढं गेले. म्हणजे तुझा रविवार हा पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेसाठी उत्तम आहे. रात्री झोपताना 'आज पुष्कळ झालं' असं वाटतं, आणि ते खोटंही नसतं. पण एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यांत जास्त असतो. रविवारचं सोमवारीच ओसरायला लागतं. शनिवारपर्यंत तळ दिसतो आणि पुढच्या रविवारी तू पुन्हा त्याच विहिरीत उतरतोस.

तेव्हा रविवारचे सात तास मोड आणि त्यांची रोजची पंचवीस मिनिटं कर. हिशेबानं हे आठवड्याला तीन तासही भरत नाहीत, म्हणजे मी तुझं काम अर्ध्यावर आणतेय. पंचवीस या आकड्यात काही जादू नाही. घरी पाहुणे आले, लाईट गेली, सोयाबीनची काढणी लागली, तरी निघेल एवढाच वेळ मी धरला आहे. रोज तास-दीड तास बसायचं ठरवणारी पुष्कळ मुलं मी पाहिली. पहिलं लग्न निघालं की त्यांचा नेम मोडतो.

त्या पंचवीस मिनिटांत काय करायचं? एक प्रश्न, तोही छोटा. नेट बंद, व्हिडिओ बंद, फाईल कोरी. पहिली पाच मिनिटं कळफलकाला हात लावायचा नाही. वहीत एक उदाहरण हातानं सोडवायचं आणि आपण कोणत्या पायऱ्या चढलो ते मराठीत लिहायचं. मग टाईप करायचं, चालवायचं, चुकेल, दुरुस्त करायचं. वेळ संपली की अर्धवट असलं तरी उठायचं. आणि मग तो प्रोग्राम पुसून टाकायचा.

हो, पुसून टाकायचा. इथं मुलं माझ्यावर चिडतात. मेहनतीनं लिहिलेलं पुसायचं काहून? कारण दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा कोऱ्या फाईलवर लिहायचा आहे, आणि पुढच्या आठवड्यात आणखी एकदा. जपून ठेवलंस तर बघशील, बघितलंस तर गिरवशील. डेव्ह थॉमस या अमेरिकेत काम करणाऱ्या प्रोग्रामरनं अशा सरावाला 'कोड काता' असं नाव दिलं. काता हा कराटेतला शब्द, ठरावीक हालचालींचा संच पुन्हा पुन्हा करणं. आपल्याकडच्या तालमीत जाणाऱ्या पोरांना हे नाव नसलं तरी गोष्ट माहीत आहे. काल दोनशे बैठका मारल्या म्हणून आजच्या कुणी सोडत नाही. आठवड्यात दोन नवे प्रश्न आणि बाकीचे दिवस जुने, हे प्रमाण तुला सध्या पुरेल.

सुरुवात तुला रडवलेल्या प्रश्नापासूनच कर. दुसरा मोठा आकडा. वहीत ४, ९, ७, २ लिही आणि बोट ठेवत ठेवत जा. तुझ्या लक्षात येईल की दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात: आत्तापर्यंतचा सगळ्यांत मोठा आणि त्याच्या खालचा. नवा आकडा मोठ्याहून मोठा निघाला तर आधीचा मोठा एक पायरी खाली सरकतो. मोठ्याहून लहान पण त्याच्या खालच्याहून मोठा निघाला तर तो त्या खालच्याची जागा घेतो. एवढंच. तुझ्या त्या सहा ओळी याच. आता स्वतःलाच त्रास दे. यादी ९, ९, ७ असेल तर उत्तर ९ की ७? प्रश्नात सांगितलेलं नाही, म्हणजे परीक्षेत हात वर करून विचारायला हवं होतं, आणि विचारणाऱ्याला गुण मिळतात. सगळे आकडे शून्याखालचे असतील आणि तू सुरुवातीला मोठा म्हणून शून्य धरला असशील तर? यादीत एकच आकडा असेल तर? एका प्रश्नातून असे चार दिवस निघतात.

मग काप्रेकरांकडे जा. दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवायचे आणि आकड्यांशी खेळायचे. त्यांनी १९४९ मध्ये शोधलेली गंमत अशी: चार अंकी कोणतीही संख्या घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लाव, मग चढत्या क्रमानं लाव, मोठीतून लहान वजा कर. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलास तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर कितीही वेळा तेच कर, ६१७४ च येतं. कुठूनही निघालास तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच पोचतोस.

याचा प्रोग्राम पंचवीस मिनिटांत होतो. संख्येचे अंक सुटे करायचे, क्रम लावायचा, परत जोडायचे, वजाबाकी करायची, ६१७४ येईपर्यंत फिरायचं. ३५२४ देऊन बघशील, तीन पायऱ्या येतील, खूश होशील. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लिही आणि त्याला २१११ दे. बहुतेक तुझा प्रोग्राम लटकेल. काळा पडदा, कर्सर लुकलुकतोय, काही होत नाही. आता नेटवर उत्तर शोधण्याऐवजी वही घे. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. तुझ्या प्रोग्रामच्या लेखी ही तीन अंकी संख्या. ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य. शून्यातून शून्य वजा करत तो बसलाय ६१७४ ची वाट बघत, आणि ते त्याच्या आयुष्यात कधी येणार नाही. काप्रेकरांच्या खेळात ९९९ हे ०९९९ असतं. पुढचं शून्य धरलं की ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, आणि गाडी रुळावर येते.

मला हा प्रश्न फार आवडतो तो यामुळंच. बरोबर चाललेला प्रोग्राम बरोबर असतोच असं नाही, हे वर्गात दहा वेळा सांगून पटत नाही. २१११ नं एकदा तोंडावर आपटलं की जन्मभर पटतं. तिसऱ्या दिवशी १००० ते ९९९९ पर्यंतच्या सगळ्या संख्या फिरव. सारख्या अंकांच्या नऊ सोडून ८९९१ उरतात. त्यांतली एकही सातपेक्षा जास्त पायऱ्या घेत नाही, याची खात्री तुझी तूच कर. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

कॉलेजातून सुटल्यावर गंजगोलाईवरून जात असशीलच. १९१७ सालची ती गोल इमारत, आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. त्या रस्त्यांना ० ते १५ असे क्रमांक दे. शून्यापासूनच दे, प्रोग्रामरची मोजणी तिथूनच सुरू होते. शून्याच्या रस्त्यावर उभा राहा आणि प्रत्येक वेळी पाच रस्ते पुढं जा. पंधराच्या पुढं गेलास की पुन्हा गोल फिरून आत यायचं, म्हणजे सोळानं भागून उरलेली बाकी धरायची. ०, ५, १०, १५, मग ४, ९, १४... सुरुवातीच्या जागी परत येईपर्यंत किती रस्त्यांवर पाय पडेल? पाचानं गेलास तर सोळाच्या सोळा. चारानं गेलास तर चारच. सहानं गेलास तर आठ. हे असं का होतं, ते मी सांगणार नाही. शाळेत शिकलेला मसावि आठव आणि वहीशी बस. उत्तर सापडलं की मसावि काढायचा प्रोग्राम लिहायला घे. तो पुस्तकातल्या धड्यात आला असता तर तू गिरवला असतास, गंजगोलाईवरून आला की तुझा होतो.

मोंढ्याचं तर तुझ्या घरातच आहे. वडिलांकडून एक जुनी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद, मागून घे. समज सोयाबीन ७ क्विंटल ३५ किलो, आणि भाव धर ४८९२ रुपये, २०२४-२५ चा हमीभाव होता तो. पोरं लगेच ७.३५ असा दशांश घेतात आणि पुढं पैशांत घोळ घालतात. त्यापेक्षा असं बघ: क्विंटलचे शंभर किलो आणि रुपयाचे शंभर पैसे. म्हणून किलोला क्विंटलच्या भावानं गुणलं की उत्तर थेट पैशांत येतं. ७३५ गुणिले ४८९२ म्हणजे ३५,९५,६२० पैसे, म्हणजे ३५,९५६ रुपये २० पैसे. दशांश कुठं आलाच नाही. मग कट्ट्यांची संख्या घेऊन हमाली-तोलाई वजा कर. दर वडिलांना विचार. तुझे वडील हे तोंडी करत असतील, आणि तुझा प्रोग्राम चुकला तर एका नजरेत सांगतील. अशी फुकटची तपासणी पुण्यात मोठ्या कंपनीतही मिळत नाही.

दशांशाला मी एवढी का भिते, याचीही एक फेरी होऊन जाऊ दे. लूपमध्ये पाव म्हणजे ०.२५ चार वेळा मिळव. एक येतो, चोख. मग ०.१ दहा वेळा एक-एक करून मिळव आणि छापून बघ. ०.९९९९९९९९९९९९९९९९ असं काहीतरी येईल. यंत्र बिघडलेलं नाही. संगणक सगळं दोनाच्या घातांत साठवतो. अर्धा, पाव, पाऊण, अष्टमांश त्याला नेमके मांडता येतात, दहावा भाग मांडता येत नाही, तो जवळपासचा आकडा ठेवतो. आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी घोकायचे ना, ते पाढे संगणकाला आपल्या दशांशांपेक्षा जास्त मानवतात. निजामाच्या हाली रुपयाचे सोळा आणे होते, आपल्या जुन्या रुपयाचेही सोळाच. एक आणा म्हणजे सोळावा भाग, तोही चोख बसतो. १९५७ मध्ये नवे पैसे आले आणि... असो, हा माझा छंद आहे, परीक्षेत येणार नाही. औटकीचा पाढा छापायचा प्रोग्राम मात्र लिही. साडेतीन एके साडेतीन ते साडेतीन दाहे पस्तीस.

आणखी दोन प्रश्न नुसते सांगून ठेवते. गावांच्या पैसेवारीची (पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजाची) यादी घेऊन पन्नासच्या खालची गावं वेगळी काढ. दुष्काळ ठरवताना आपल्याकडे वर्षानुवर्षं हीच रेघ मारायचे, त्यामुळं ४९ आणि ५० च्या सीमेवर तुझा प्रोग्राम काय करतो ते नीट बघ. 'पेक्षा कमी' आणि 'पर्यंत' यातली गल्लत इथं पकडली जाते. दुसरा प्रश्न, तारखेवरून वार काढायचा, तयार साधन न वापरता. मुक्तिसंग्रामाची तारीख देऊन तपास, १७ सप्टेंबर १९४८ हा शुक्रवार होता. तुला गुरुवार आला तर लीप वर्षाचा नियम बघ. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, २००० होतं.

यानंतर प्रश्न कुठून आणायचे? नेटवर पुष्कळ आहेत. एक्झरसिझम हे संकेतस्थळ फुकट आहे आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर तपासण्या देतं. प्रोजेक्ट ऑयलर गणिताची आवड असेल तर. त्याचा पहिलाच प्रश्न, १००० च्या खालच्या ३ किंवा ५ नं भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज, तुला आत्ता जमेल. पंधराला दोनदा मोजू नकोस म्हणजे झालं. पण सुरुवातीचा महिना तिकडं जाऊ नकोस. अशा संकेतस्थळांवर कुठं गुण असतात, कुठं क्रमवारी असते, कुठं सलग किती दिवस केलं त्याचा आकडा असतो, आणि पोरं ते आकडे वाढवण्यासाठी सोपे सोपे प्रश्न उडवत बसतात.

लॅपटॉप भावाकडं असेल तेव्हा फोन आहे. अँड्रॉइडवर पायड्रॉइड नावाचं ॲप उतरवून घे, पायथन नेटशिवाय चालतं. बोटांना त्रास होतो, वीस ओळींच्या वर वैताग येतो, पण हे प्रश्न वीस ओळींच्या आतलेच आहेत. एसटीत मात्र फोनवर टाईप करू नकोस. त्या रस्त्यावर नुसतं डोळ्यांनी वाचायचं काम कर. वहीत आदल्या दिवशी लिहून आणलेला प्रोग्राम घे, ओळीओळीनं जा, प्रत्येक ओळीनंतर कोणत्या नावात काय आकडा आहे ते मनात धर. ड्राय रन म्हणतात ते हेच. आमच्या काळी भारनियमनात सहा-सहा तास लाईट नसायची. माझं अर्धं शिक्षण असं कंदिलाखाली वहीवर झालंय, आणि खरं सांगायचं तर तेच अर्धं टिकलं.

वहीची शेवटची दहा पानं चुकांसाठी ठेव. रोज एक ओळ, जास्त नाही. 'रेंज १ ते १० दिली तर ९ वरच थांबतं.' 'इनपुटमधून आलेला ५ हा आकडा नसतो, अक्षर असतं, त्याला तीननं गुणलं तर ५५५ येतं.' 'यादीची फिरती चालू असताना त्यातून काढायचं नाही.' महिनाभरानं बघशील तर तुझ्या चुका फार नाहीत, सहा-सातच आहेत, त्याच पुन्हा पुन्हा येतात. त्या सहा-सात ओळी म्हणजे तुझा अभ्यासक्रम. कोणत्याही कोर्सवाल्याला तो माहीत असणं शक्य नाही.

एआयबद्दल तू विचारलं नाहीस, पण वापरत असशील, सगळेच वापरतात. मी स्वतः कामात वापरते. पण त्या पंचवीस मिनिटांत नको. प्रश्न टाकला की तो तुला सुंदर गिरवलेला 'अ' देतो, आणि तो बघून पुन्हा 'हां, ओळखीचं आहे' असं वाटतं. आपण जिथून निघालो तिथंच परत. वेळ संपल्यावर, तुझा प्रोग्राम लिहून झाल्यावर, विचार की यात काय चुकतंय, कोणती संख्या दिली तर हा मोडेल. तेव्हा तो कामाचा आहे.

एखादा दिवस बुडेल. नक्की बुडेल. दुसऱ्या दिवशी पन्नास मिनिटं बसून तो भरून काढू नकोस. ही मोंढ्यातली उधारी नाही, पुढच्या हंगामात फेडायला. बुडालेला दिवस सोडून द्यायचा आणि पंचवीसच मिनिटं बसायचं. मी एकदा सतरा दिवस बुडवले होते आणि भरून काढायच्या नादात आणखी महिना घालवला.

आता या औषधाचं पथ्यही सांगते. छोट्या प्रश्नांनी हात सुटतो, भीती जाते, परीक्षेतली पहिली फेरी निघते. पण हजार ओळींचा प्रोग्राम कसा मांडायचा, चार जणांनी मिळून एकच काम कसं करायचं, दुसऱ्याचा कोड वाचून त्यात हात कसा घालायचा, हे त्यातून येत नाही. रोज जोर-बैठका मारणाऱ्याला शेवटी आखाड्यात उतरावं लागतंच. म्हणून दोन महिने झाले की रविवारचा एक तास वेगळा काढ आणि ती पट्टी वाढवायला घे. आधी एका शेतकऱ्याची. मग दिवसभराच्या सगळ्या पट्ट्या फाईलमध्ये साठवायच्या. मग महिन्याची बेरीज. मग एकाच नावाचे दोन शेतकरी निघतील आणि तुझी सगळी मांडणी कोलमडेल. ती कोलमडली की मला पुन्हा लिही, तो पत्राचा खरा विषय आहे. मुलाखतीत 'हे मी वडिलांच्या अडतीसाठी केलं' असं सांगून ते समोर चालवून दाखवशील, तेव्हा तीन कोर्सांची प्रमाणपत्रं कुणी उघडूनही बघणार नाही.

भावाचं काय करायचं? त्याच्याशी वाद घालू नकोस. त्यानं तुला दोन वर्षं व्हिडिओ बघताना पाहिलंय, त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. त्याला एकच मागणी कर, रात्री साडेनऊ ते दहा लॅपटॉप माझा. वेळ ठरलेली असली की भांडण कमी होतं. आणि ६१७४ चा खेळ त्याला एकदा दाखव. त्याला हवी ती संख्या सांगू दे. बहुतेक तो तीन-चार संख्या सांगून तुला हरवायला बघेल. तेवढा वेळ लॅपटॉप तुझ्याकडं राहील.

'पी'च्या कळीसाठी साधा यूएसबीचा कीबोर्ड घे, काही शेकड्यांत मिळतो. पायथनमध्ये 'प्रिंट' शिवाय पान हलत नाही, आणि प्रत्येक वेळी दोनदा दाबायला लागत असेल तर पंचवीसातली पाच मिनिटं तिथंच जातात. तोवर फोनवर चालव. आज रात्री दुसरा मोठा आकडा, परवा पुन्हा तोच, आणि शुक्रवारी २१११.